सुटलेला बंदी पुन्हा तुरुंगात का जातो?

स्मरणिकेच्या पानांतून पूर्वजांचे कर्तृत्व, विद्यार्थ्यांचे यश आणि दात्यांचे औदार्य यांचा गौरव व्हावा, ही रीत आहे व ती योग्यच आहे. अशा मंगल प्रसंगी तुरुंगाचा आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसाचा विषय काढणे काही वाचकांस विजोड वाटेल. तथापि ज्या समाजास आपल्या गुणवंतांची यादी करता येते, त्याने आपल्या चुकलेल्या माणसांचाही हिशेब ठेवला पाहिजे, असे आम्हांस वाटते. ज्यातील एखादा माणूस कधी काळी गजाआड गेला नाही, अशी ज्ञाती नाही, असा गाव नाही. तो गेला याची चर्चा चारचौघांत होते. तो परत आला तेव्हा त्याचे काय झाले, याची होत नाही. आणि तो पुन्हा गेला, म्हणजे ‘जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही’ ही म्हण उच्चारून आपण मोकळे होतो.

ही म्हण कितपत खरी आहे, हे इतिहासाच्या साक्षीने तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजी अमलापूर्वी वर्षानुवर्षे कोंडून ठेवणे ही आपल्याकडील नित्याची शिक्षा नव्हती. पेशवाईत दंड होता, हद्दपारी होती, किल्ल्यावरील अटक होती, बेडी घालून बांधकामावर राबविणे होते. अवयवच्छेद व देहान्त यांसारख्या क्रूर शिक्षाही होत्या. तो न्याय समान नव्हता. माणसाची जात व प्रतिष्ठा पाहून शिक्षा बदलत असे, आणि त्या काळाकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या व्यवस्थेत एक अंग असे होते की ज्याचा आज लोप झाला आहे. दंड भरून व प्रायश्चित्त घेऊन झाले, म्हणजे दोषी मनुष्यास गोतापुढे उभे करीत, पंक्तीस बसवीत आणि तो शुद्ध झाला असे पत्र करून देत. त्या दिवसानंतर जुना दोष काढून त्यास कोणी हिणवू नये, असा संकेत असे. सर्वांनाच हा लाभ होई असे नाही. कित्येकांना ज्ञातीने कायमचे बाहेरही टाकले. तरी दोषाला कोठेतरी शेवट असावा आणि तो शेवट चार लोकांसमक्ष व्हावा, ही कल्पना तेथे होती.

कंपनी सरकारच्या काळात शिक्षेचे स्वरूप पालटले आणि तुरुंग हीच मुख्य शिक्षा झाली. १८३५ साली मेकॉलेने या देशातील तुरुंगांच्या स्थितीकडे लक्ष वेधले. त्यावरून नेमलेल्या समितीने १८३८ साली अहवाल दिला. तुरुंगातील भ्रष्टाचार व बेशिस्त यांवर या समितीने बोट ठेवले हे खरे. परंतु बंद्याची सुधारणा व्हावी, त्यास शिक्षण द्यावे, या विचारास तिने थारा दिला नाही. काम द्यावे ते कंटाळवाणे, एकसुरी, मन न रमेल असे, म्हणजे मनुष्य तुरुंगाला भिऊन राहील, असा तिचा कल होता. १८९४ साली तुरुंगांविषयीचा कायदा झाला, तोही मुख्यतः बंदोबस्ताचा कायदा होता. भिंत, कुलूप, बेडी, शिधा, हजेरी व तुरुंगातील अपराधांच्या शिक्षा यांची त्यात तपशीलवार व्यवस्था आहे. फाटकाबाहेर पडलेल्या माणसाने उद्या कोठे जावे, याची चिंता त्या कायद्याने वाहिली नाही.

ही उणीव सरकारी रीतीने प्रथम मान्य झाली ती १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीत. सर अलेक्झांडर कार्ड्यू हे तिचे अध्यक्ष होते. तुरुंगाचा हेतू केवळ धाक घालणे हा नसून माणूस सुधारणे हाही आहे, आणि सुटलेल्या बंद्यास साहाय्य करणे हा त्याच कार्याचा भाग आहे, असे या समितीने स्पष्ट मांडले. तिच्या अहवालास आता शंभर वर्षे उलटून गेली. तत्त्व मान्य झाले. व्यवहार मात्र त्याच्या मागे फार सावकाश चालला.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहू. ज्या काळात सुटलेल्या माणसाच्या मदतीची सोय झाली नाही, त्याच काळात त्याच्या पूर्वदोषाची आठवण ठेवण्याची सोय मात्र चोख झाली. १८६० च्या दंडसंहितेतील ७५ व्या कलमाने, मालमत्तेसंबंधीचे व खोट्या नाण्यांसंबंधीचे ठराविक गंभीर गुन्हे पुन्हा केल्यास शिक्षा वाढविण्याची तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १३ व्या कलमात तीच चालू आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अशा माणसास सुटल्यावर आपला पत्ता व पत्त्यातील बदल काही वर्षे पोलिसांस कळविण्याचा हुकूम देता येईल असे ठरविले. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ५७ व्या कलमान्वये, ठराविक गुन्ह्यांत पूर्वी शिक्षा झालेल्या माणसास जिल्ह्याबाहेर घालविता येते आणि ही तडीपारी दोन वर्षांपर्यंत चालू शकते.

यातील प्रत्येक तरतुदीस काही कारण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्यांच्या घरी वारंवार चोरी होते त्यांनाही संरक्षण हवे. परंतु या सर्वांचा एकत्र परिणाम काय होतो तो पाहावा. ज्या गावी माणसाची दोन एकर जमीन आहे, बायकामुले आहेत, ओळखीचा सुतार वा गवंडी त्याला हाताखाली घेण्यास राजी आहे, त्याच गावातून त्याला बाहेर काढावयाचे. आणि परक्या शहरी, जेथे त्यास ओळखणारे फक्त तुरुंगातील सोबती, तेथे त्याने सन्मार्गाने पोट भरावे अशी अपेक्षा करावयाची, हे आगीतून फुफाट्यात लोटण्यासारखे आहे.

या वृत्तीची परिसीमा गुन्हेगार जमातींच्या कायद्यात झाली. १८७१ साली हा कायदा प्रथम उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आणता आला आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. येथे तर पूर्वी गुन्हा केलेला असण्याचीही आवश्यकता उरली नाही. अमुक जमातीत जन्म झाला, एवढेच पुरे. नाव पटावर, बोटांचे ठसे दप्तरात, ठरल्या वेळी हजेरी, आणि गाव सोडावयाचा तर परवाना. सोलापूर, हुबळी, विजापूर आदी ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे गिरण्यांत कामास जात. म्हणजे काम मिळत होते, पगार मिळत होता, परंतु विश्वास मिळत नव्हता. दिवसभर प्रामाणिकपणे माग चालविणाऱ्या माणसाने संध्याकाळी गुन्हेगार म्हणून हजेरी द्यावयाची! मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला; त्या जमाती तेव्हापासून विमुक्त म्हणविल्या जातात. परंतु कायद्याचा कागद फाटला म्हणून लोकांच्या मनातील पट पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की प्रथम पालावर धाड, ही सवय पुढेही दीर्घकाळ टिकली. सराईत गुन्हेगारांसंबंधीचा मुंबईचा कायदा १९५९ साली आला, आणि ‘सराईत’ हा शब्द जुन्या शिक्क्याच्या जागी वापरला जाण्याचा धोका उरलाच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली, बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावयास सांगितले, आणि विमुक्त जमातींच्या माणसांस जन्मावरून सराईत समजण्याची प्रथा निषिद्ध केली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी असा निर्णय द्यावा लागला, यातच सर्व आले.

या अंधाऱ्या इतिहासात एक दिवा आमच्या महाराष्ट्रानेच लावला, त्याचे स्मरण करणे उचित होईल. औंध संस्थान लहानसे, अवघ्या ७२ गावांचे. तेथील अधिपती श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८-३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन उर्फ भारतानंद हे या कार्यात त्यांचे साथी होते. फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ साली आटपाडीजवळच्या माळावर बंद्यांची एक वसाहत वसविण्यात आली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. भोवती भिंत नाही, पायात बेडी नाही. बंद्याने आपल्या शब्दावर तेथे राहावयाचे, शेती करावयाची, आणि बायकामुलांस जवळ ठेवावयाचे.

आटपाडीचा मुलूख पर्जन्यछायेचा. तेथे शेती पिकविणे हीच एक शिक्षा आहे, असे कोणी थट्टेने म्हणेल. परंतु या शिक्षेत आणि १८३८ च्या समितीस अभिप्रेत असलेल्या कंटाळवाण्या श्रमात महदंतर आहे. तुरुंगातील श्रमाचे फळ बंद्याच्या दृष्टीस पडत नाही. स्वतंत्रपुरात ते त्याच्या ताटात पडे. तुरुंगात तो केव्हा उठेल, केव्हा जेवेल, केव्हा निजेल हे दुसरा ठरवितो. येथे त्याला स्वतः ठरवावे लागे आणि चुकल्यास त्याचे फळ भोगावे लागे. तुरुंगात मुलाखतीच्या जाळीपलीकडे दिसणारे मूल येथे त्याच्या मांडीवर असे. म्हणजे सुटकेच्या दिवशी जे जीवन एकाएकी अंगावर कोसळावयाचे, त्याची सवय शिक्षेच्या मुदतीतच होत होती.

१९४८ साली औंध मुंबई राज्यात विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र राहिले, आणि आता ते सांगली जिल्ह्यात मोडते. त्याच मुलखातील ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, आणि माळावरचा हा प्रयोग देशाबाहेरही पोहोचला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्यास रौप्य अस्वल मिळाले. दरम्यान उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंद यांच्या प्रेरणेने १९५२ पासून चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामी बंद्यांची खुली शिबिरे सुरू झाली होती. १९६३ साली राजस्थानात सांगानेर येथे खुले शिबिर निघाले. तेथे बंदी सहकुटुंब राहतात, दिवसा बाहेर जाऊन आपली उपजीविका करतात आणि संध्याकाळी हजेरीस परततात. विश्वास टाकला तर बहुतेक माणसे तो मोडीत नाहीत, हे या प्रयोगांनी वारंवार दाखविले आहे.

मग प्रश्न सुटला का नाही? त्याचे कारण असे की, खुल्या कारागृहात जातो तो निवडक बंदी: दीर्घ मुदतीचा, चांगल्या वर्तनाचा, बहुधा जन्मठेपेचा. बांधावरून वा भाऊबंदकीतून हातून खून घडलेला शेतकरी सहसा दुसरा खून करीत नाही. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. पुन्हा पुन्हा येतो तो सहा महिन्यांचा, वर्षाचा, किरकोळ चोरीचा बंदी. खून हा त्या शेतकऱ्याच्या आयुष्यातील एक भयंकर दिवस होता. चोरी ही या माणसाची रोजची भाकरी असते. त्याची मुदत इतकी आखूड की त्यात कोणताही धंदा शिकवून होत नाही, आणि इतकी लांब की बाहेरची नोकरी, भाड्याची खोली व पुष्कळदा बायकोचा धीरही तेवढ्यात सुटून जातो. मिळते ती एकच गोष्ट: आपल्याहून तरबेज माणसांची संगत.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. २०२२ च्या अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, आणि त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे शेकडा सुमारे ७६, न्यायाधीन होते. त्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नव्हता. तुरुंगांत जागेच्या मानाने शेकडा १३१ इतकी गर्दी होती. न्यायाधीनांपैकी कित्येकजण जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहतात. कित्येक शिक्षाबंदी शिक्षा संपूनही दंडाची रक्कम नाही म्हणून राहतात. अशा गरीब बंद्यांचा जामीन व दंड भरण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली योजना काढली, हे स्वागतार्ह आहे. परंतु जो निर्दोष सुटतो त्याच्याही कपाळी ‘जेलात जाऊन आलेला’ हा शिक्का बसतोच, आणि तो पुसण्याची योजना कोणत्याही सरकारास करता येण्यासारखी नाही.

आता सुटकेचा दिवस कसा असतो ते पाहावे. फाटकावर त्याचे जुने कपडे व जमा असलेली रक्कम त्याच्या हाती देतात आणि फाटक लागते. गावी जावे तर शिधापत्रिकेवरून नाव उडालेले, खोलीत दुसरा भाडेकरू, भावाच्या घरी लग्नाची मुलगी. तो म्हणतो, ‘दादा, तूर्त तू इकडे येऊ नकोस.’ कामास जावे तर पोलिसांचा दाखला आणा म्हणतात. खरे सांगावे तर काम मिळत नाही. लपवावे तर उघड होताच काम जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात, उमेदवाराने पूर्वीची माहिती दडविली असली तरी प्रत्येक बाबतीत तारतम्य पाहावे, असे मार्गदर्शन केले. परंतु खाजगी पेढीवर व कारखान्यात तारतम्य पाहण्यास कोणास सवड आहे? अशा वेळी त्याला सन्मानाने बोलावणारा, चहा पाजणारा, रात्रीपुरती जागा देणारा जो एकच मनुष्य भेटतो, तो जुन्या टोळीतला असतो. त्याच्यामागून तो गेला तर नवल कशाचे?

कायद्याने या कोंडीतून काहींची सुटका केली आहे. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाखाली ज्यास तुरुंगात न पाठविता सद्वर्तनाच्या हमीवर वा समज देऊन सोडले, त्याच्या दोषसिद्धीमुळे त्यास कोणतीही अपात्रता येत नाही, असे त्याच्या १२ व्या कलमात आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बालकांनाही असेच संरक्षण दिले आहे. म्हणजे दोषाला शेवट असावा, हे तत्त्व आपल्या कायद्यास ठाऊक आहे. परंतु तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या प्रौढास ते सर्वसाधारणपणे लागू नाही. इंग्लंडने १९७४ साली कायदा करून, ठराविक वर्षे निर्दोष गेल्यास पुष्कळशा जुन्या शिक्षा संपल्या असे मानण्याची सोय केली. ज्यांच्याकडून आम्ही शिक्षेची पद्धत घेतली, त्यांच्याकडून क्षमेची पद्धत घेण्यास प्रत्यवाय नसावा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रामाणिकपणे राबणारे कितीतरी गरीब तरुण बेकार असता, गुन्हेगाराची एवढी चिंता कशाला? आणि ज्याचे घर फुटले, ज्याचा मुलगा गेला, त्याची चिंता कोणी करावयाची? आमचे उत्तर असे की, पीडितास भरपाई मिळालीच पाहिजे. बंद्याच्या श्रमास रास्त वेतन द्यावे आणि त्यातील काही भाग पीडितासाठी राखावा, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच दाखविला आहे. दुसरे असे की, सुटलेल्या बंद्यास आम्ही बक्षीस मागत नाही. तो दुसऱ्यांदा चोरी करतो तेव्हा ते घर प्रामाणिक माणसाचेच असते. त्यास सावरणे ही दया तर आहेच. पुढील पीडितास वाचविण्याचा उपायही तोच आहे. शिवाय न्यायाची साधी गोष्ट अशी की, न्यायाधीशाने दोन वर्षे सांगितली असता समाजाने जन्मठेप भोगावयास लावू नये.

सर्व दोष परिस्थितीचा, माणसाचा काहीच नाही, असेही आमचे म्हणणे नाही. व्यसनाने पोखरलेले, कष्टाचा कंटाळा असलेले, दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसलेले लोक असतात आणि त्यांच्याशी कठोरपणेच वागावे लागते. परंतु फाटकाबाहेर चार वाटा खुल्या असता जो वाईट वाटेने गेला, त्यालाच खोडीचा म्हणता येईल. तीन वाटा आपणच बंद केल्यावर ती म्हण उच्चारण्याचा अधिकार आपल्यास उरत नाही.

सरकारने करावयाचे ते सरकार करो. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८० ते १९८३ या काळात सर्व देशाचे तुरुंग पाहून सुटकेनंतरच्या साहाय्याचा आग्रह धरला, आणि २०२३ च्या केंद्रीय नमुना कायद्यातही त्यास स्थान आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंद्यांमध्ये व सुटलेल्यांमध्ये कार्य करीत आहे. परंतु घराचे, दुकानाचे व पंक्तीचे दार सरकारच्या हुकुमाने उघडत नाही. ते ज्यांच्या हाती आहे असे लोक ही स्मरणिका वाचीत आहेत.

ज्ञातिसंस्थांजवळ विद्यार्थिनिधी असतो, वसतिगृह असते, वधूवर मंडळ असते. त्याच जोडीस दोन-चार विश्वासू व मितभाषी गृहस्थांची एक लहानशी समिती असावी. तिने एवढेच करावे: आत असलेल्याच्या मुलांची शाळा सुटू देऊ नये, जामीनदार नाही म्हणून कोणी अडकला असेल तर वकिलामार्फत त्याची चौकशी करावी, सुटकेच्या दिवशी फाटकावर एक मनुष्य पाठवावा, आणि कारखानदार बांधवांपैकी कोणास सहा महिने त्याला पारखून पाहता येईल का, हे विचारावे. त्याचे नाव अहवालात छापू नये. केवळ आपल्याच ज्ञातीच्या माणसापुरते हे ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. कारण ज्यांच्यामागे अशी संस्था नाही, विमुक्तांसारखे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणीच विचारले नाही, त्यांची गरज अधिक आहे.

पूर्वीच्या गोतसभेचे अन्यायी रूप गेले ते बरेच झाले. तिचे जे एक चांगले काम होते, दोष संपला असे चारचौघांत सांगून माणसास पुन्हा पंक्तीस बसविण्याचे, तेवढे मात्र आपण पुन्हा हाती घ्यावे, अशी वाचकांस आमची विनंती आहे.